कवडीच्या पाठीवरची काजळी

माझ्या उभ्या आयुष्यात मला ज्या बाईचा सगळ्यात जास्त हेवा वाटला, तिला स्वतःची सही करता येत नव्हती. ती माझी मामेबहीण, जमना. मी तेव्हा भंडाऱ्याला कॉलेजात विज्ञान शिकत होते आणि वसतिगृहात राहत होते. आमच्या गावातून पदवी घेतलेली पहिली मुलगी मीच. हे मी सगळीकडे सांगते, इथेही सांगते. आणि तरी दिवाळीच्या सुट्टीत घरी आले की पहिल्या सकाळी गोधडीत पडल्या पडल्या मी कान देऊन ऐकायचे ते या जमनाचं आणि मायचं बोलणं. फुंकणीचा आवाज, मग सुपात तांदूळ घोळल्याची सळसळ, लांबून लाखनीच्या रस्त्यानं जाणाऱ्या एखाद्या ट्रकचा हॉर्न, आणि या सगळ्यात त्या दोघींचं हळू आवाजातलं हसणं. काय बोलतात ते नीट कळायचं नाही. मी उठून चुलीजवळ गेले की हसणं थांबायचं आणि माय म्हणायची, "उठली का वो? चहा पिते का?"

जमनाला माय असं कधी विचारत नसे. तिच्यापुढे नुसती कपबशी सरकवत असे. मी मग विचारायचे, कशाला हसत होता, आणि माय मला तो विनोद समजावून सांगायची, कोणाच्या बकरीनं कोणाचं लुगडं खाल्लं ते. समजावून सांगितलेल्या विनोदाला जेवढं हसू येतं तेवढंच मी हसायचे.

मामी वारल्यावर मामा तुमसरला राइस मिलमध्ये कामाला लागला होता. तिथे एका खोलीत चार गडी राहत, वाढत्या मुलीला तिथे कुठे ठेवणार, म्हणून माय तिला आमच्याकडे घेऊन आली. ज्या वर्षी मी भंडाऱ्याला गेले त्याच वर्षी ती आली. माझ्यापेक्षा चार-सहा महिन्यांनी मोठी असेल. मी झोपायचे त्या कोपऱ्यात ती झोपू लागली. मी आले की ती आपली सतरंजी उचलून दुसरीकडे टाकायची, न सांगता, आणि त्याचाही मला राग यायचा, कारण त्यात बोट ठेवायला जागा नसे. आई नसलेल्या पोरीचा हेवा करायचा, हे लाजेचं आहे, एवढं तेव्हाही कळत होतं. पण कळल्यानं हेवा कमी होतो, हे मला अजून कोणी दाखवून दिलेलं नाही.

एका गोष्टीत मात्र मी तिच्या पुढे होते. आमच्या घरात अशी रीत होती की मुलगी ज्या दिवशी पहिल्यांदा एकटीनं चूल पेटवून सगळ्यांपुरता भात शिजवते, त्या दिवशी एक कोंबडी तिच्या नावाची करायची. ती विकायची नाही, कापायची नाही, जावई आला तरी नाही. ती गेली की तिच्याच वंशातली एक पुढे नावाला लागायची. मी सांगते आहे त्या वर्षी माझ्या नावाची कवडी होती, पांढऱ्या अंगावर करड्या ठिपक्यांची. जमना आमच्याकडे आली ती स्वयंपाक शिकूनच, त्यामुळे पहिल्या भाताचा प्रश्नच आला नाही, आणि तिच्या नावाची कोंबडी झालीच नाही. घरात पाऊल टाकल्यावर, ती अजूनही झालेली नाही ना, हे मी आधी पाहून घेत असे.

त्या वर्षीची दिवाळीची सुट्टी धानकापणीची होती. बाबा दिवसभर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, आणि नंतर खळ्यावरच असायचे, जेवण तिकडेच जायचं. घरात आम्ही तिघी. नव्या तांदळाचा मऊ चिकट भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्यात टाकलेले पोपटाच्या शेंगांचे दाणे, आणि बाजाराच्या दिवशी तव्यावर परतलेली सुकट, जिचा वास माझ्या कॉलेजच्या ओढणीला आठ दिवस लागून राहायचा. वसतिगृहातल्या मुली नाक मुरडायच्या. आज माझ्या सुनेच्या स्वयंपाकघरात सुकट आणायला बंदी आहे, आणि तिचंही बरोबर आहे, पण मला तो वास आला की भूक लागते.

कवडी त्या वेळी खुडूक होती. घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात टोपलीत तणस घालून मायनं तिला अंड्यांवर बसवलं होतं. तीन आठवडे झाले, वर चार दिवस झाले, एकही पिल्लू निघालं नाही. अंडी फेकून दिली तरी ती रिकाम्या टोपलीत बसूनच राही, दाण्यालाही उठेना. अशा कोंबडीला आमच्याकडे पाण्यात बुचकळून काढतात, म्हणजे अंगातली ऊब उतरते आणि ती बसायचं विसरते. मायनं तिला बादलीत दोनदा बुचकळलं आणि सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या आमच्या मोकळ्या जागेत, नेऊन सोडलं. ओलीचिंब, वाळलेली, तुरा फिका पडलेला. बाकीच्या तेरा-चौदा कोंबड्या उकिरड्यावर उकरत होत्या. त्यांनी माना वर केल्या. त्यांच्यात बोडकी म्हणून एक होती, मानेवर पीस नसलेली, सगळ्या कळपावर तिचा वचक. ती सरळ चालत आली आणि तिनं कवडीच्या पाठीत चोच मारली. कवडी पळाली नाही, खाली बसली. तिथेच चुकलं. रक्ताचा एक थेंब दिसला आणि सगळ्या धावल्या.

मी दारात उभी होते. मी "हाड, हाड" करत राहिले, कुत्र्याला करतात तसं. जमना गोठ्यातून धावत आली, हातातलं पोतं तिनं त्या सगळ्या गोंधळावर टाकलं, आणि पोत्यासकट कवडीला उचलून घेतलं.

"इतके दिस अलग बसली होती ना," माय म्हणाली, "आता त्याहिले अनोळखी वाटून राहिली."

मग ओसरीवर उपचार सुरू झाले. कवडीच्या मानेखाली पाठीचं कातडं रुपयाएवढं सोललं होतं. जमनानं तिचं डोकं आपल्या काखेत घेतलं, म्हणजे तिला अंधार वाटून ती गप्प राहील. कडुनिंबाचा पाला उकळलेलं पाणी कोमट करून त्यात मीठ घातलं आणि फडक्यानं थेंब थेंब पिळत जखम धुतली. भोवतीची पिसं कात्रीनं कापली. हळद जवसाच्या तेलात कालवून लावली. एवढ्यापर्यंत मला बोलायला जागा नव्हती. पण मग तिनं तवा पालथा घातला, बुडाची काजळी खरवडून तेलात मळली आणि त्या हळदीवर काळा थर द्यायला लागली.

"जखमेवर काजळी कशाला लावतेस?" मी म्हणाले. "त्यानं जंतू जातात आत. धनुर्वात होईल तिला."

"मले नाई मालूम वो धनुर्वात," जमना मान वर न करता म्हणाली. "लाल दिसलं का मारतेत. कारं दिसलं का सोडतेत."

"हे कोणत्या पुस्तकात आहे?"

"कोमड्याईले कोनतं पुस्तक वाचता येते, निर्मला?"

माय हसली. मोठ्यानं नाही, पण हसली. आणि काळ्या थराकडे पाहून म्हणाली, "जमनाच्या हाताले गुन हाये. आपला बैल नाई का इनंच उभा केला मागच्या साली."

मागच्या साली कोणता बैल आजारी होता हे मला माहीतच नव्हतं. मला कोणी कळवलं नव्हतं.

कवडीला डाल्याखाली ठेवलं. डालं म्हणजे पालथी घालायची बांबूची मोठी टोपली. त्यावर दगड, आत पाण्याची वाटी आणि कण्या. दोन दिवस जमना सकाळ-संध्याकाळ डालं उचलून पाहायची, माय तिच्या खांद्यावरून वाकून पाहायची, आणि मी खाटेवर प्राणिशास्त्राचं पुस्तक उघडून बसलेली असायचे. कोंबडी माझ्या नावाची. जखम माझ्या विषयातली. आणि मला कोणी विचारत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्या दोघी कापणीला गेल्या. मला नेलं नाही. "तू अभ्यास कर," माय म्हणाली. मी ट्रंक उघडली. वसतिगृहातल्या मुलींनी मिळून आणलेल्या औषधांपैकी लाल औषधाची बाटली माझ्याकडे असायची. मी डालं उचललं, कवडीला धरलं आणि जमनाची काजळी साबणाच्या पाण्यानं धुऊन काढली. हळदही काढली. खाली जखम स्वच्छ होती, कडेनं सुकत आलेली, हे मी पाहिलं. ते तिच्या हळदीमुळे झालं असेल हे मनात येऊ दिलं नाही. कापसाच्या बोळ्यानं चांगलं सढळ हातानं लाल औषध लावलं. दिसायला अगदी पुस्तकातल्यासारखं झालं. आणि मग मी आणखी एक केलं. संध्याकाळी माय आली की कवडी अंगणात हिंडताना तिला दिसावी, आणि मी सहज सांगावं की मी औषध बदललं, अशी माझी इच्छा होती. म्हणून मी तिला उन्हात सोडलं आणि आत जाऊन तांदूळ धुवायला बसले.

लाल दिसलं का मारतेत. हे तिनं माझ्या तोंडासमोर सांगितलं होतं. मी ऐकलं होतं, विसरलेही नव्हते. पुढे मी इतकी वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि निरीक्षण म्हणजे काय यावर मुलांपुढे तासन् तास बोलले. पण समोरच्या माणसानं केलेलं निरीक्षण केवळ त्या माणसामुळे आपण नाकारतो, यावर मी एकदाही बोलले नाही. बोलले असते तर उदाहरण द्यावं लागलं असतं.

आवाज ऐकून मी बाहेर आले तेव्हा कवडी बैलबंडीच्या चाकामागे डोकं खुपसून बसली होती आणि तिच्या पाठीवर बोडकी चढली होती. मी काठीनं सगळ्यांना हाकललं. पाठीचं कातडं मघाच्या दुप्पट फाटलं होतं, एक पदर नुसता लोंबत होता. कवडी ओरडतही नव्हती. मी घाबरले, आणि खरं सांगते, कवडीसाठी नाही. मी तिला डाल्याखाली ढकललं, तवा उलटा केला, मिळेल तेवढी काजळी बोटांनी खरवडली आणि तिच्या पाठीवर थापली, होतं तसं दिसावं म्हणून. डालं झाकलं. वर दगड ठेवला.

दिवे लागायच्या सुमारास त्या दोघी आल्या. डोक्यावर कडब्यासारखे वाळलेले केस, पायांना चिखल, धानाची कुसळं अंगभर. मायनं हातपाय धुतले आणि सवयीनं डालं उचललं.

"जमने, सकारी डालं कोनं झाकलं होतं?"

"मीनंच, आत्या."

"मंग नीट काहून नाई झाकलं? पाह्य इकडं. कोमड्या आत घुसल्या अन् फाडून टाकलं बिचारीले. दोन दिसाची मेहनत मातीत घातली. लक्ष कुठं राह्यते वो तुहं? पोरीच्या नावाची कोमडी, मेली असती तं?"

जमनानं डाल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझ्या नखांत काजळी होती आणि दोन बोटं लाल. मी हात पाठीमागे घेतले. तिनं तेही पाहिलं.

"नसन झाकलं नीट, आत्या," ती म्हणाली. "घाईत होतो."

मी ही गोष्ट लिहायला घेतली ती पुढच्या दोन वाक्यांसाठी. माय तिला बोलत होती तेव्हा मला बरं वाटत होतं. पोटात गरम भात गेल्यावर वाटतं तसं बरं.

माय बाबांचा डबा घेऊन खळ्याकडे गेली. तिची पाठ वळताच जमना माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता बोलेल. ती म्हणाली, "हात घासून ये राखेनं. लाल लवकर निघत नाई. अन् मंग इकडं ये, मले धरून पाहिजे."

मी कवडीला धरलं. तिनं जखम पुन्हा धुतली, लोंबणारं कातडं जागेवर बसवलं आणि गोधडीची सुई दिव्याच्या ज्योतीवर धरली. दोऱ्यासाठी ती थांबली.

"तुहा एक केस दे. माहे तेलकट हायेत. तू तं साबनानं धुतेस."

मी लांबसा केस उपटून दिला. तिनं तो गरम पाण्यात घातला, सुईत ओवला आणि चार टाके घातले, प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ. कवडीच्या छातीची धडधड माझ्या तळहातात येत होती. मी म्हणाले, "तू सांगितलं का नाही मायला?"

"सांगून का कातडं जुडते?" ती म्हणाली. "घट्ट धर."

तिचे उपकार वाटायला हवे होते. मला वाटलं ते वेगळंच. आतापर्यंत ती फक्त मायजवळ माझ्यापुढे होती आणि बैल-कोंबड्यांत माझ्यापुढे होती. त्या संध्याकाळी ती माझ्यापेक्षा चांगलीही ठरली, आणि ते मला त्या दोन्हींपेक्षा जास्त खुपलं. तिनं मला ओरडून उघडं पाडलं असतं तर मी तिला माफ केलं असतं.

कवडी वाचली. दहा-बारा दिवसांत टाक्यांवर खपली धरली, कडेनं पिसांचे कोंब दिसू लागले. तिला परत कळपात सोडायची जमनाची पद्धतही मी पाहून ठेवली. दिवसा सोडायचं नाही. कोंबड्या खुराड्यात शिरून दांडीवर बसल्या, त्यांचे डोळे मिटायला आले, की तिला हळूच दोघींच्या मध्ये ठेवून द्यायचं. सकाळी सगळ्या एकत्र जाग्या होतात, आणि कोण नवी कोण जुनी हे त्यांच्या ध्यानात येत नाही. ती काजळी फासलेलीच बाहेर आली, इतरांबरोबर कण्या टिपू लागली. बोडकीनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे तोंड केलं.

माझ्या जाण्याच्या आदल्या दुपारी माय माझ्यासाठी पोह्यांची पुरचुंडी बांधत होती. जमना विहिरीवर गेली होती. मी खूप दिवस तोंडात धरून ठेवलेलं बोलून टाकलं. "माय, डालं जमनानं नीटच झाकलं होतं. मी काढलं. मी लाल औषध लावून कवडीला सोडलं."

मायनं गाठ मारली. दातानं सुतळी तोडली.

"मालूम हाये मले. डाल्यावर लाल बोटं होती तुही. अन् दगड उलट्या अंगानं ठेवला होता."

"मग तू तिला का बोललीस?"

"मंग कोनाले बोलू?"

"मला बोलायचं होतंस. चूक माझी होती."

माय माझ्याकडे बघून हसली, मी लहान असताना हसायची तशी नाही. जरा अदबीनं, पाहुणीकडे बघून हसतात तशी.

"तुले कशी बोलू वो? तू चार दिस येतेस अन् जातेस. दुखवून धाडलं तं तिकडं तुहं अभ्यासात मन लागन का? जमनाले बोलता येते. ते घरची हाये. बोललं तरी सांजेले माह्याच जवर जेवते." आणि पुरचुंडी माझ्या पिशवीत ठेवून म्हणाली, "पोहे लवकर संपव. त्याले वास लागते."

मी खाटेवर बसून राहिले. ज्या बोलण्याचं मी सुख घेतलं होतं, तेच मला हवं होतं, आणि तेही जमनाच्याच वाट्याचं होतं. तेव्हा मला रडू आलं नाही. मला फक्त तिचा हेवा वाटला. मागे पाहिलं तर जमना भरलेली घागर कमरेवर घेऊन दारात उभी. किती ऐकलं होतं कोण जाणे. ती घागर घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाऊन, इस्त्रीची साडी नेसून, पिशवी हातात घेऊन अंगणात आले. भंडाऱ्याची पहिली बस धरायची होती. माय मला पोचवायला चपला शोधत होती. जमना सांदवाडीतून आली. तिच्या हातात खुराडं लोटायचा खराटा होता, तो तिनं माझ्यासमोर धरला.

"खुराडं लोटून मंग जा."

"अवो जमने," माय म्हणाली, "तिले बस पकडायची हाये. कपडे खराब होतीन तिचे. दे इकडं, मी लोटतो."

"तुमी थांबा, आत्या," जमना म्हणाली. माझ्याकडे पाहत, चांगल्या चढ्या आवाजात. "पंधरा दिस झाले, खाटेवर बसून पुस्तक वाचून राहिली. कोमडी तुही, हगनं आमी काढाचं? चार टाके मी घालाचे अन् तू सायबिनीवानी बसमधी बसाचं? दुसऱ्याची मेहनत धुऊन टाकतेस अन् हात लपवतेस, लाज नाई वाटत तुले? पकड खराटा."

माय मधे पडणार होती. मी पिशवी खाली ठेवली.

खुराडं एवढंसं होतं, गुडघ्यावर बसून आत वाकावं लागायचं. साडीचा काठ बरबटला, पोलक्याच्या बाहीला लागलं. बाहेर उभी राहून जमना सांगत होती, कोपरा राहिला, दांडीखाली राहिलं, राख कमी टाकली. मी जे ती सांगेल ते करत होते. ते सगळं मला सुनावण्याचा हक्क त्या घरात तिलाच होता, मायलाही उरला नव्हता, आणि त्याचाही मला हेवा वाटत होता. लांब रस्त्यावर बस हॉर्न देऊन थांबली आणि निघून गेली.

"गेली वो बस," माय म्हणाली.

"दुसरी अकराले हाये," जमना म्हणाली. "तो पावेतो गोठा पण होते."